झेब्रा प्लेको: १ लाख ४० हजारांचा 'प्रूव्हन' गट घ्यावा का?

पाणकावळा (डोंबिवली)

माझं मत जवळजवळ ठरलंय. तरी कुणीतरी ते खोडून काढावं म्हणून धागा काढतोय.

अकरा वर्षं मासे पाळतोय. गप्पी, मोली, एंजल झाले, डिस्कसमध्ये हात पोळून झाले. आता झेब्रा प्लेको घ्यायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोटभर लांबीचा, तळाशी राहणारा मिशीवाला मासा, पांढऱ्यावर काळे पट्टे. हौशी लोक एल-४६ म्हणतात. ब्राझीलच्या झिंगू नदीच्या एका वळणाशिवाय जगात कुठे सापडत नाही.

ओळखीच्या एका विक्रेत्याकडे एक नर आणि तीन माद्या असा 'प्रूव्हन' गट आहे, म्हणजे आधी अंडी घातलेला. १ लाख ४० हजार सांगतोय. एवढे पैसे एफडीत टाकले तर वर्षाला दहा हजार सुटायची मारामार. इथे एका पिल्लाला नऊ हजार मिळतात. वर्षाला वीस पिल्लं धरा.

माझं म्हणणं, स्वस्त माशांचं ब्रीडिंग ही नुसती हमाली आहे. दोनशे मोली वाढवा, दुकानदार नगाला पाच रुपये देणार, वर उपकार केल्यासारखं तोंड करणार. त्यापेक्षा टाकी एक, मासे चार, पण मोलाचे. बोला.

सोलकढी

नऊ हजारांचा शिंगाळा! आमच्या मालवणात तेवढ्यात लग्नाची पंगत उठली असती. चालू द्या, वाचतोय.

गणितमास्तर (सांगली)

पाणकावळेशेठ ऊर्फ पाकाशेठ, इमू आठवतायत का?

आमच्या शेजाऱ्यांनी शेड मारून इमू पाळले होते. इमूचं मटण खाणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पिल्लं घ्यायला मात्र रांग होती, कारण घेणाऱ्या प्रत्येकाला पुढे पिल्लंच विकायची होती. शेवटच्या माणसाला गिऱ्हाईक मिळालं नाही आणि पक्षी रानात सोडून द्यायची वेळ आली. पुढे कडकनाथचंही तसंच झालं, फक्त पक्षी काळा होता.

आता सांगा, तुमचं नऊ हजारांचं पिल्लू कोण घेणार? ज्याला पिल्लं काढायची आहेत तोच. शोभेसाठी कोण घेईल? हा मासा दिवसभर दगडाखाली असतो. पाहुणे आले तर रिकामी टाकी दाखवणार? ॲरोवाना काचेसमोर मिरवतो, लोक वास्तूच्या नावाने घेतात, म्हणून त्याला बाजार आहे. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरच्या टेंगळाला एके काळी काय भाव होता! इथेच पिल्लं निघायला लागली आणि भाव बसला.

पाणकावळा

मास्तर, तुलना चुकली. इमूची मादी हंगामात वीसच्या वर अंडी घालते. झेब्राची एका वेळी दहा-पंधरा, तीही मनात आलं तर. मोठा व्हायला दोन-तीन वर्षं. हा मासा बाजारात ओसंडून वाहणारच नाही. शिवाय ब्राझीलमधून निर्यात बंद आहे. माल येणार फक्त ब्रीडरकडून. ज्याच्याकडे गट, त्याच्या हातात भाव.

गणितमास्तर

'भाव माझ्या हातात' हे वाक्य मी इमूवाल्याकडूनही ऐकलं होतं.

काठावरचा (पुणे)

निर्यात बंद आहे हे तुम्ही फायद्याच्या रकान्यात लिहिलंत. या माशाची तिकडे काय गत झाली तेही लिहा.

झिंगूच्या ज्या वळणावर हा मासा राहतो त्याला तिकडे व्होल्टा ग्रांदे म्हणतात. तिथे बेलो मोंते प्रकल्प झाला, ११,२३३ मेगावॅटचा. २०१६ पासून वीज सुरू. नदी अडवून पाणी कालव्याने वीजघराकडे वळवलं. त्यामुळे या शंभरेक किलोमीटरच्या वळणात पूर्वीच्या प्रवाहाचा जेमतेम हिस्सा उरतो, काही महिने तर पाचवा. खडकांच्या फटींत, जोरदार वाहत्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहणारा हा मासा. त्याचं घरच गेलं. त्यात चोरटी पकड: प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, सुटकेसमध्ये घालून नेताना विमानतळांवर सापडलेत. साइट्स म्हणजे धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या पनामाच्या परिषदेत ब्राझीलने याला परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत घाला म्हणून मागणी केली. शेवटी परिशिष्ट २ वर, म्हणजे परवान्याने व्यापार चालणाऱ्या यादीवर तडजोड झाली, पण रानातून पकडलेल्या माशांच्या व्यापारासाठी कोटा शून्य.

तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा नाही. ते चार मासे जन्मले कुठे?

भिंगरी

काठावरचे, हे मला दुसऱ्या बाजूने दिसतं. नदी तुम्ही-आम्ही वाचवू शकत नाही. पण टाकीतली पिल्लं मुबलक झाली तर सुटकेसमधून आणायला कोण जीव धोक्यात घालेल? इंडोनेशियात याची शेतीच चालते. घरोघरी ब्रीडिंग झालं तर चोरट्याचा धंदा बसतो. माझ्या मते पाकाशेठ पुण्याचंच काम करतायत.

काठावरचा

बसत नाही, लपतो. टाकीतलं पिल्लू आणि नदीतलं पिल्लू शेजारी ठेवा आणि ओळखून दाखवा. 'फार्मचा आहे हो' म्हटलं की चोरटा मासाही उजळ माथ्याने फिरतो. आणि डोंबिवलीत जन्मलेलं पिल्लू झिंगूत परत जाणार नाही, हेही ध्यानात असू द्या. छंद म्हणा, माझी ना नाही. संवर्धन म्हणू नका.

भिंगरी

म्हणजे कुणी काही करूच नये? मग उरलेसुरलेही संपतील, आणि आपण तत्त्वं कवटाळून बसू.

भीमाकाठ (इंदापूर)

बाहेरचे मासे पाळणाऱ्यांनी एकदा उजनीवर यावं. टाकीत काच चाटायला म्हणून आणलेला तो सकर मासा, हौस फिटली की लोकांनी पाण्यात सोडला. आता आमच्या जाळ्यात तोच. काट्यांनी जाळी फाडतो, कुत्रंही खात नाही.

पाणकावळा

भाऊ, तुमचा राग रास्त आहे, पण तो वेगळा मासा. तो फूटभर वाढतो, कसल्याही पाण्यात जगतो. नऊ हजारांचा मासा धरणात कोण सोडतो?

भीमाकाठ (इंदापूर)

नऊ हजारांचा आहे तोवर नाही सोडणार. नव्वदचा झाला की?

तळ्यातली मावशी (कोल्हापूर)

दोन दिवस वाचतेय. सगळे बोलले, पण हा मासा घरात असलेलं कुणी दिसलं नाही. माझ्याकडे नऊ वर्षं आहे.

आधी त्या 'प्रूव्हन' शब्दाबद्दल. दुभती म्हैस कुणी बाजारात आणतं का? आणली तर एक तर मालकाला पैशाची नड असते, नाही तर म्हैस आटलेली असते. मी पहिल्यांदा असाच तिघांचा गट घेतला होता. वर्षभर अंडं नाही. शेवटी एका जाणकाराने वरून फोटो बघून सांगितलं, 'मावशी, हे तिन्ही नर आहेत.' नराचं डोकं रुंद, गालापाशी आणि छातीच्या पराच्या पहिल्या काट्यावर केसांसारखे बारीक काटे. मादी वरून पाहिली तर पोटापाशी भरलेली, डोकं निमुळतं. घेण्याआधी पाकाशेठ, वरून काढलेले फोटो मागा. बाजूने काढलेले सगळे सुंदरच दिसतात.

दुसऱ्यांदा आठ पिल्लं घेतली, अडीच-तीन सेंटिमीटरची. तीन वर्षं थांबले. लोक याला काकडी घालतात, कारण प्लेको म्हटलं की शेवाळ खाणारा असं डोक्यात बसलंय. हा मुख्यतः मांसाहारी. मी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि कोळंबीचा कीस देते. सून म्हणते, माणसांना सुका जवळा आणि माशांना ताजी कोळंबी.

अंडी घालायला याला गुहा लागते. विकतच्या महाग पडल्या, म्हणून कुंभाराकडून करून घेतल्या: बारा-तेरा सेंटिमीटर लांब, तोंड साडेतीनचं, मागचं टोक बंद. तोंड मोठं झालं तर नर घुसतच नाही. त्याला मादीला आत कोंडून दार अडवता आलं पाहिजे. महिनाभर पाणी कमी बदलायचं, मग एके दिवशी निम्मं पाणी काढून दोन-तीन अंश गार, हलकं पाणी भरायचं. मासा समजतो पाऊस आला. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं मिसळावं लागतं. पहिल्या खेपेला अकरा अंडी, केशरी, मोहरीहून मोठी. नर नवखा होता, त्याने तिसऱ्या दिवशी सगळी बाहेर ढकलली. दुसऱ्या खेपेला नऊ जगली. आठवडाभराने फुटतात, पण त्यानंतरही दहाएक दिवस पोटाला पिवळी पिशवी घेऊन बापाच्या खाली पडून असतात.

आता खरी मेख. याला पाणी २९-३० अंश लागतं. पाणी जितकं ऊन तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: पंचवीस अंशाला लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमपर्यंत, तीसला साडेसातच. आणि मासा आहे धबधब्याखालचा. मे महिन्यात एका रात्री वळवाने लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा होता, पंप नव्हता. सकाळी पाच मोठे मासे गुहांच्या बाहेर पडलेले. हा मासा दिवसा मेल्याशिवाय उघड्यावर येत नाही. त्या दिवशी मला इतके मासे एकदम पहिल्यांदाच दिसले.

हिशेब विचाराल तर वही आहे. नऊ वर्षांत ३४ पिल्लं विकली. पहिलं बारा हजारांना, शेवटचं साडेसहाला. पिल्लू विकण्याजोगं व्हायला सहा महिने लागतात. वर्षाला वीस वगैरे एफडीच्या कागदावर.

गणितमास्तर

मावशी, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. बारावरून साडेसहा.

तळ्यातली मावशी

अर्धीच मांडली हो मास्तर. तुमच्या इमूवाल्याला पक्षी आवडत नव्हता, त्याला भाव आवडत होता. मी रात्री अकराला सगळे झोपले की लाल टॉर्च घेऊन टाकीसमोर बसते. भाव साडेसहाशे झाला तरी बसणार. पाकाशेठनी घ्यावा असंच माझं मत आहे. फक्त 'प्रूव्हन' नको, आणि एफडी मोडून नको.

गणितमास्तर

मग तो धंदा नव्हे. आणि धाग्यात प्रश्न धंद्याचा होता.

पट्टेरी

एक भर. याच्या भाऊबंदांतले पट्टेरी मासे एकाच टाकीत ठेवले तर संकर होतो. पट्टे जरा वाकडे, आणि विकताना नाव एल-४६च. मी दोनदा फसलोय. पट्टे बघून घेऊ नका, आईबाप बघून घ्या.

काठावरचा (पुणे)

आणि कागद. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, त्यात साइट्सच्या यादीतल्या जिवंत परदेशी प्राण्यांची नोंद करणं आलं. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची. पिल्लं झाली, मासा मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. विक्रेत्याला एवढंच विचारा: तुमची नोंद आहे का? माझ्या नावावर करून द्याल का?

भिंगरी

चार माशांसाठी सरकारी पोर्टल! अशाने साधा माणूस छंदच सोडेल आणि उरतील ते चोरटेच. मला हे पटत नाही.

पाणकावळा

विचारलं. फोनवर आधी म्हणाला, 'साहेब, माशाला कसले कागद?' मी जरा लावून धरलं. मग वरून फोटो मागितले. फोटो आले नाहीत, मेसेज आला: 'कागद नको असेल तर १ लाख १५ करतो. आजच्या आज.'

एका वाक्यात पंचवीस हजार उतरले. गट घेत नाही.

पण मास्तर, मत बदललेलं नाही. महाग मासा पाळणं वेडेपणा नाही, हे मी अजूनही म्हणतो. नोंद असलेला ब्रीडर मिळाला की सहा पिल्लं घेणार आणि तीन वर्षं थांबणार. तोवर अंडी-गुहा-लाईट हे सगळं ब्रिसलनोज या स्वस्तातल्या प्लेकोवर शिकून घेतो. तोही गुहेतच अंडी घालतो, नरच राखतो, आणि मेला तर मी झोपू शकेन. ठाणे-डोंबिवलीकडे कुणाकडे आहेत का?

गणितमास्तर

तीन वर्षांनी धागा वर काढतो. भाव लिहून ठेवलाय.

पट्टेरी

कळव्याला माझ्याकडे चाळीसेक ब्रिसलनोज पडलेत, दुकानदार फुकट पण घेत नाही. रविवारी या. पैसे नकोत, थर्माकोलचा खोका तेवढा घेऊन या.