शब्दचर्चा : 'रायव्हलरी' आणि 'टॅप करणे' यांना मराठीत काय म्हणाल?

यूएफसीच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या मोठ्या लढती आपल्याकडे बहुतेक रविवारी सकाळी दिसतात. लढत संपली की आम्हा मित्रांची वादावादी मराठीतूनच चालते, आणि तिथे मी दोन शब्दांवर कायम अडतो.

पहिला 'रायव्हलरी'. 'वैर' म्हटलं की शेताचा बांध, भाऊबंदकी आणि कोर्टाच्या तारखा डोळ्यांपुढे येतात. 'प्रतिस्पर्धा' छापायला ठीक, पण बोलताना तोंडात येत नाही. 'खुन्नस' झकास आहे, पण तो प्रत्येक जोडगोळीला लावला की मला पटत नाही.

दुसरा 'टॅप करणे'. गळा आवळला गेला किंवा हात सांध्यातून उलटा ताणला गेला की लढणारा समोरच्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर थापटतो आणि पंच लढत थांबवतात. बातम्यांत याला सर्रास 'चीतपट केले' म्हणतात. ते चूक आहे. ७ ऑगस्ट २०१० ची अँडरसन सिल्वा विरुद्ध चेल सॉनन ही लढत आठवा. सॉनन मूळचा कुस्तीगीर, लढतीच्या आधी कितीतरी महिने सिल्वाला वाट्टेल ते बोलत होता. पहिल्या चारही फेऱ्यांत त्याने सिल्वाला खाली पाडलं आणि वर बसून ठोसे घातले. पाचवीतही तेच चाललं होतं. लढत संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा सिल्वाने पाठीवर पडल्या पडल्या सॉननची मान आणि एक हात दोन्ही पायांत अडकवला, हात ताणला आणि सॉननने थापटलं. चीत होता तो सिल्वा, आणि जिंकलाही तोच! इथे 'चीतपट'चा अर्थच उलटा होतो.

जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

दादा, चीतपटबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या कोल्हापूरकडे पाठ मातीला लागली की विषय संपला, म्हणून तो शब्द कुस्तीतच राहू द्या. पण कुस्तीतला दुसरा एक शब्द तुमच्या कामाचा आहे : निकाली. निकाली कुस्ती म्हणजे जिचा फैसला आखाड्यातच झाला, गुण मोजत बसावं लागलं नाही. नॉकआउट असो की टॅप, लढत निकाली झाली म्हणा. पंचांच्या कागदावर गेली तर गुणांवर.

आणि रायव्हलरीसाठी 'जोड' बघा. मैदानात आधी जोडी ठरतात. वजन, वय, तयारी बघून कोणाशी कोण लावायचा हे वस्ताद मंडळी ठरवतात. एखादा पोरगा फारच पुढे गेला की 'याला जोड मिळंना' असं म्हणतात. जोड म्हणजे विरोधक आणि बरोबरीचा, दोन्ही एकदम. त्यात राग असायलाच पाहिजे असं नाही. आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को बघा. १९१० ला लंडनमध्ये झ्बिश्को दोन तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली. परत गाठ पडली १९२८ ला पतियाळात आणि गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. अठरा वर्षं लोकांनी ही दोन नावं एकत्र घेतली, ती जोड होती म्हणून.

प्रश्नकर्ता

'जोड' फार आवडला. ब्रँडन मोरेनो आणि डेव्हिसन फिगरेडो यांना तो अगदी चपखल बसतो. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२३ या काळात दोघे चार वेळा लढले. पहिली लढत बरोबरीत, दुसरी मोरेनोने जिंकली, तिसरी फिगरेडोने. चौथी रिओमध्ये, फिगरेडोच्या देशात. तिसऱ्या फेरीनंतर त्याचा डोळा इतका सुजून मिटला की डॉक्टरांनी लढत थांबवली. प्रेक्षकांनी आत जाणाऱ्या मोरेनोवर हाताला लागेल ते फेकलं. मधल्या काळात कटुता आली होती, पण चारही लढतींत दोघांनी एकमेकांकडून जे काढून घेतलं ते तिसऱ्या कोणाला जमलं नसतं. मला या खेळात हेच सगळ्यात जास्त भावतं.

जॉन जोन्स आणि डॅनियल कॉर्मियर ही मात्र खुन्नसच. ऑगस्ट २०१४ मध्ये पत्रकारांसमोर, लढतीला अजून जवळपास दोन महिने असताना, दोघे व्यासपीठावरच भिडले होते. तिथे निकालाच्या आधीच समोरचा माणूस नकोसा होता. आणि खबीब-मॅकग्रेगरला मी 'वैर' म्हणेन, बांधासकट. एप्रिल २०१८ मध्ये मॅकग्रेगरने ब्रुकलिनमध्ये खबीब बसलेल्या बसवर ढकलगाडी फेकली, काच फुटून आतले खेळाडू जखमी झाले. मग बोलण्यात बाप, धर्म, देश सगळं ओढलं गेलं. ऑक्टोबरमध्ये चौथ्या फेरीत मॅकग्रेगरने टॅप केलं, तरी खबीबचं समाधान झालं नाही, तो पिंजऱ्यावरून उडी मारून मॅकग्रेगरच्या माणसावर धावून गेला. तिकिटं खपवायला असं विष पेरणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

आणखी एक : अदेसान्या-परेरा. किकबॉक्सिंगमध्ये दोनदा आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कला पाचव्या फेरीत, असा तीनदा परेराने अदेसान्याला हरवला. एप्रिल २०२३ ला अदेसान्याने दुसऱ्याच फेरीत त्याला आडवा केला आणि खाली पडलेल्या परेरावर हवेतल्या हवेत बाण सोडले. धनुष्य ताणणं ही परेराची स्वतःची खूण. याला 'उट्टं काढलं' यापलीकडे शब्द नको.

प्रतिसाद

टॅपबद्दल बोलते, कारण मी पुण्यात जिउ-जित्सू, म्हणजे गळा आवळण्याची आणि सांधे अडकवण्याची झुंज, शिकते. आमच्याकडे सगळे 'टॅप दिला' म्हणतात, 'केला' नाही. 'टॅप दे गं, हात जाईल' हे वाक्य रोज कानावर पडतं. कृपा करून कोणी 'नांगी टाकली' लिहू नका. टॅप देणं पहिल्या दिवशी शिकवतात. ते आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सरावाला येता येत नाही.

मला 'हात टेकले' सुचतो. 'या पोरापुढे मी हात टेकले' म्हणतो तेव्हा आपण भित्रे नसतो, उपाय संपलेले असतात. टॅप म्हणजे तेच.

रोंडा रौझी आणि मिशा टेट या दोघींची मार्च २०१२ ची लढत बघा. टेट तेव्हा विजेती होती. रौझीने पहिल्याच फेरीत तिचा हात धरला, कोपर नको त्या बाजूला वाकलेलं स्पष्ट दिसतं, तरी टेट सुटायला धडपडते आहे. शेवटी हात टेकले. डिसेंबर २०१३ ला पुन्हा गाठ पडली, तिसऱ्या फेरीत पुन्हा त्याच डावाने टेट हरली. उठून तिने हात पुढे केला. रौझीने तो घेतला नाही आणि सगळ्या प्रेक्षागृहाने हुर्यो उडवली. मी रौझीची चाहती आहे, पण त्या क्षणी टेटच्या बाजूने होते.

प्रतिसाद

ताई, 'हात टेकले' एकदम मान्य. 'टॅप दिला'ही राहू दे. तालमीत जो रुळला तो खरा.

प्रश्नकर्ता

दोन्ही घेतले. जाता जाता 'स्प्लिट डिसिजन'चं काय? पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली तेव्हा 'विभाजित निर्णय' असं वाचलं आणि जीव हळहळला. मी सरळ 'पंचांच्या दोन-एक मताने जिंकली' असं लिहितो.

प्रतिसाद

तेच लिहा दादा. आणि तिघेही एका बाजूला असले की 'एकमताने'. दोघांनी एकाला कौल दिला आणि तिसऱ्याने बरोबरी मांडली, तर 'बहुमताने'.