मिडियम स्टेजला माझे साडेसात सेकंद जातात कुठे?

हळूबाण
नमस्कार मंडळी. प्रॅक्टिकल पिस्तूलच्या (जागा बदलत, वेळ लावून केलेली नेमबाजी) मॅच खेळायला लागून नऊ महिने झाले. डिव्हिजन प्रॉडक्शन (फारसे बदल न केलेली पिस्तुलं), हात उजवा, वय ४१, गुडघे त्याहून थोडे मोठे.

गेल्या मॅचमधली एक मिडियम स्टेज, म्हणजे मध्यम लांबीची फेरी, सांगतो. २४ गोळ्या, चार जागा: पहिल्या जागेवरून ८, मग ४, मग ६ आणि ६. माझे गुण १०६, वेळ २४.८ सेकंद, हिट फॅक्टर (गुण भागिले सेकंद) ४.२७. पहिल्या आलेल्या गड्याचे ११२ गुण, १७.२ सेकंद, ६.५१. म्हणजे नेमात फरक फक्त सहा गुणांचा, आणि तरी, स्टेजचे गुण पहिल्याच्या हिट फॅक्टरच्या प्रमाणात मिळतात म्हणून, १२० पैकी माझ्या पदरात ७९ सुद्धा पडले नाहीत.

घरी ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा सराव) करताना रिलोड, म्हणजे मॅगझिन बदलणं, दीड सेकंदात होतो. जवळच्या टार्गेटवर दोन गोळ्या पाव सेकंदाच्या आत सुटतात. पळण्यात मार खातोय असं वाटून महिनाभर स्प्रिंट मारतोय, पण पोटऱ्या दुखण्यापलीकडे काही हाती लागलेलं नाही. नेमकं काय सुधारू?

टायमरवाले काका
स्प्रिंट तब्येतीला चांगल्या, चालू ठेव. पण दोन जागांमध्ये अंतर असतं चार-पाच पावलांचं. तेवढ्यात तू कितीही जोर लावलास तरी फार काय वाचणार?

मी रेंज ऑफिसर म्हणून टायमर धरून तुझ्यासारख्यांच्या मागे बराच उभा राहिलोय. मागून एकच चित्र दिसतं. शेवटची गोळी सुटते, माणूस भोक पडलं का ते बघत क्षणभर थांबतो. मग पिस्तूल खाली, मग मान वळते, मग पाय सुटतात. पुढच्या जागी पोचला की ब्रेक लावून ताठ उभा राहतो, मग हात वर, मग साइट शोधायची. पळणं बरं असतं, सुटणं आणि पोचणं कच्चं.

सुटण्याचं आधी. प्रत्येक जागेवर शेवटी ठेवायचं ते टार्गेट जवळचं, उघडं, सोपं असावं. त्यावर दुसरी गोळी जाते तेव्हा वजन निघायच्या दिशेला कललेलं पाहिजे. उजवीकडे जायचं तर डाव्या पायाने जमीन ढकल. अवघड टार्गेट शेवटी ठेवलंस की तिथेच खिळून राहतोस, कारण खात्री नसते.

पोचताना दोन पावलं आधीच पिस्तूल दोन्ही हातांत, हनुवटीच्या उंचीला. शेवटची पावलं बारीक, गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, म्हणजे तिथून पुन्हा निघायला उभं राहण्याची कसरत नको. भिंतीला नाक लावू नकोस. हातभर मागे राहिलास तर पिस्तूल मोकळं फिरतं. आणि कडेवरून जे टार्गेट सगळ्यात आधी दिसतं त्याच्यापासून सुरुवात कर.

रिलोड पहिल्या पावलालाच. इथे एक धोका आहे: उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळत मॅगझिन बदलतो तेव्हा नळी शरीराबरोबर वळते आणि ९० अंशांची हद्द ओलांडते. तसं झालं की सरळ डिस्क्वालिफिकेशन. हलताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, हे तर तुला माहीत असेलच. तरी सांगतो.

अल्फा_चार्ली
काकांशी सहमत, पण गणितही बघा. तुमच्या ४.२७ हिट फॅक्टरला एक सेकंद म्हणजे सव्वाचार गुण. प्रॉडक्शनमध्ये मायनर (कमी ताकदीच्या गोळीची) गुणपद्धत आहे, त्यामुळे अल्फाच्या (टार्गेटचा मधला, पाच गुणांचा भाग) जागी चार्ली (त्याबाहेरचा) लागला की दोन गुण जातात, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. मिस झाला तर पाच गेले आणि वर दहा दंड: साडेतीन सेकंद! तेव्हा घाई गोळीत करू नका, गोळ्यांच्या मधल्या वेळात करा.

प्लॅनबद्दल माझं मत जरा कडक आहे. वॉकथ्रूच्या (आधी स्टेज फिरून बघायच्या) पाच मिनिटांत एकदाच ठरवायचं आणि मग डोळे मिटून तेच फिरवत राहायचं: कुठे पाय, कोणतं टार्गेट पहिलं, कोणतं शेवटचं, मॅगझिन कुठे. दुसऱ्याचा प्लॅन बघून ऐनवेळी आपला बदलणाऱ्यांत मीही होतो. एकदा भिंतीआडचं एक टार्गेट असंच विसरलो. त्याचे दहा गुण गेले, दोन मिसचे वीस, वर त्यावर एकही गोळी न झाडल्याचा प्रोसिजरल (नियमभंगाचा) दंड दहा. चाळीस गुणांचा खड्डा, आणि धावलो मात्र हरणासारखा.

टायमरवाले काका
नियमच असा आहे की मिडियम किंवा लाँग स्टेजला एका जागेवरून ९ पेक्षा जास्त हिट मागता येत नाहीत. पाय हलवायलाच लावतात. म्हणून हळूबाण, व्हिडिओ काढला असशील तर प्रत्येक जागेवरची शेवटची गोळी ते पुढच्या जागेवरची पहिली गोळी, एवढंच मोजून इथे टाक.

हळूबाण
मोजलं, काका. माझे तीन टप्पे: २.९, ३.४, ३.१. त्या गड्याचा व्हिडिओ मित्राकडे होता, त्याचे १.९, २.२, २.०. तिथेच ३.३ सेकंद गेले. पळताना आम्ही दोघं जवळपास सारखेच दिसतो, हे बघून महिनाभराच्या स्प्रिंट आठवल्या.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट सापडली. दुसऱ्या जागेवरून तिसरीकडे जाताना रिलोड ठरला होता. पॉपर (गोळी लागली की पडणारं लोखंडी टार्गेट) पहिल्या गोळीत पडला नाही, दोन जास्तीच्या गेल्या, त्या गडबडीत रिलोड विसरलो. प्रॉडक्शनला पंधरा गोळ्यांची मर्यादा, त्यामुळे तिसऱ्या जागी एक गोळी सुटली आणि पिस्तूल रिकामं होऊन स्लाइड मागे अडकली. उभ्या उभ्या रिलोड, २.६ सेकंद. घरचा दीड सेकंदाचा रिलोड तिथे आलाच नाही.

टायमरवाले काका
साडेसातातले सहा सापडले की. आता घरी दोन खुर्च्या चार पावलांवर ठेव, खोलीत एकही जिवंत गोळी नको, आणि फक्त सुटणं-पोचणं-रिलोड एवढंच कर. ट्रिगर नाही दाबलास तरी चालेल.

अल्फा_चार्ली
आणि पॉपर पडत नसेल तर तो पडेपर्यंत रिलोडचा विचार करू नका, पण पडल्यावर पहिला तोच करा. माझा तिथेच गोंधळ होतो अजून.