परसबागेतील मका : कणसात दाणे विरळ का भरतात?

प्रश्न (परसबाग, सातारा) :
घरामागे कुंपणालगत मधुमक्याची एकच लांब ओळ लावली होती. रोपे पुरुषभर उंच झाली, तुरेही चांगले आले. परंतु कणसे सोलली तेव्हा निम्म्या जागी दाणेच नव्हते आणि जे होते ते वेडेवाकडे भरलेले होते. खताची कमतरता असावी, असे शेजारी म्हणतात. यंदा पाऊस स्थिरावल्यावर पुन्हा लावायचा विचार आहे. नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ :
आपल्या वर्णनावरून हा दोष खताचा नसून परागीभवनाचा वाटतो. मक्याचा नरफुलोरा म्हणजे शेंड्यावरचा तुरा, आणि कणसातून बाहेर लोंबणारे रेशमी केस हा मादीफुलाचा भाग. यातील प्रत्येक केस आत एकेका कोवळ्या दाण्यापर्यंत पोचलेला असतो. ज्या केसावर पराग पडत नाही, त्याच्या मुळाशी दाणा धरत नाही. मक्याचे पराग मुख्यतः वाऱ्याने वाहून जातात, त्यामुळे एकेरी ओळीतील बराचसा पराग ओळीबाहेर पडून वाया जातो. म्हणून तेवढीच रोपे किमान चार आखूड ओळींत, चौकोनी वाफ्यात लावावीत. दोन ओळींत सुमारे ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून बी चार-पाच सेंटिमीटर खोल टोकावे. जागा अगदीच कमी असेल, तर केस बाहेर पडल्यावर रोज सकाळी, दव सुकल्यानंतर, तुरा कागदी पिशवीत हलकेच झटकावा आणि जमलेली पिवळी भुकटी त्याच दिवशी केसांवर भुरभुरावी. हे काम चार-पाच दिवस करावे, कारण सगळे केस एकाच दिवशी बाहेर येत नाहीत.

उत्तर २ :
वरील उत्तराशी सहमत आहे. तरीही मका खादाड पीक आहे, हे विसरू नये. लागवडीपूर्वी भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे आणि रोपे गुडघ्याइतकी झाल्यावर पुन्हा खत देऊन बुंध्याला मातीची भर द्यावी. तुरा व केस येण्याच्या काळात पाण्याचा ताण अजिबात पडू देऊ नये. मात्र वाफ्यात पाणी साचणेही मक्याला सोसत नाही.

माझी खरी काळजी लष्करी अळीची आहे. मूळची अमेरिकेतील ही अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातही पसरली. पोंग्यात, म्हणजे शेंड्याकडील गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा दिसली, की पाने उलगडून पाहावे. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतील, तर ती हीच अळी समजावी. घरच्या वाफ्यात अंडीपुंज व अळ्या हाताने वेचून नष्ट करणे सहज शक्य आहे. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारावा.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. पलीकडच्या शेतात साधा मका असतो. त्याचा काही परिणाम होईल का?

उत्तर १ :
होईल. साध्या मक्याचा पराग मधुमक्याच्या केसावर पडला, तर तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो, गोड राहत नाही. त्या शेतातील पेरणीनंतर किमान दोन-तीन आठवड्यांनी आपली लागवड करावी, म्हणजे दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी येणार नाही. काढणी मात्र लांबवू नये. केस दिसल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांनी ते वाळून तपकिरी होतात; तेव्हा दाण्याला नख लावून पाहावे आणि दुधासारखा रस आला, की कणीस काढून शक्यतो त्याच दिवशी शिजवावे.