‘नॉशिअस’ म्हटलं तर मी किळसवाणा?

फणसगरा: काल इथे एकाने शिकवणी घेतली. म्हणे ‘आय ॲम नॉशिअस’चा अर्थ ‘मला मळमळतंय’ नाही, ‘मला बघून लोकांना मळमळतं’. म्हणून ‘नॉशिएटेड’च म्हणा. अहो, सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो ‘पटकन मळमळणारा’ याच अर्थाने. मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकी कोश आज दोन्ही अर्थ देतो. ही सोवळ्याची वाटणी विसाव्या शतकातल्या व्याकरणमास्तरांनी रूढ केली.

निवृत्त_मास्तर: तो शिकवणीवाला मीच. ‘पॉयझनस’ म्हणजे विषारी, विषबाधा झालेला नव्हे. हेही तसंच. 34 वर्षं खडू झिजवलाय. हल्ली पेपर तपासणारेच चुकीला अर्धा मार्क देतात, मग पोरं काय शिकणार?

उकडगरमे: मराठीत हा तंटाच नाही. ‘मला मळमळतं’, संपलं. ‘मळमळीत’ म्हटलं की मात्र सासूबाईंचं वरण आठवतं.

खाडीपलीकडे: मुळात ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज, आपल्या ‘नौके’चं सख्खं भावंड. म्हणजे ‘नॉशिअस’मधला ‘नॉशिया’ (मळमळ) म्हणजे चक्क बोट लागणं! आजी भाऊच्या धक्क्यावर बोट सुटायच्या आधीच लिंबू हुंगायला लागायची. रत्नागिरी येईपर्यंत लिंबाचं साल उरायचं.

घाटमाथा: बोटीचं काय घेऊन बसलात! कुंभार्ली घाटात एसटीची मागची सीट मिळाली की कळतं. हे गाडी लागणं म्हणजे निम्मे लाडच असतात, आमच्या घरात कुणाला लागत नाही.

फणसगरा: लाड? सहावीत असताना पाटणच्या आधी माझ्या नव्या गणवेशाचं काय झालं ते आईला विचारा. तुमच्यासारख्यांमुळेच कंडक्टर गाडी थांबवत नाहीत.

गोळी_अर्धी: लाड नाहीत हो. कानाच्या आतलं तोलाचं यंत्र सांगतं ‘हलतोय’, पुस्तकात घातलेले डोळे सांगतात ‘स्थिर आहे’. मेंदू गोंधळतो. लांब क्षितिजाकडे बघा. ड्रायव्हरला सहसा लागत नाही ते उगाच नाही.

घाटमाथा: मग सगळ्यांनाच द्या स्टेअरिंग.

निवृत्त_मास्तर: विषय शब्दाचा होता! बरं, कोशच वाकला तर मी कोण? म्हणा ‘नॉशिअस’. फक्त माझ्या शेजारी बसून म्हणू नका.

उकडगरमे: आलेपाक चालतो की आवळासुपारी? शनिवारी चिपळूणला निघालेय, सीट मागचीच मिळालीय.