आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन: डॉक्टरांची पदवी कुठे पडताळायची?

स्नेहा, सातारा: आईचे दोन्ही गुडघे बदलायचं ठरतंय. दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे पदव्यांची रांग आहे, पण खरं-खोटं कसं कळणार? जिवाला घोर लागलाय.

रमेशकाका: स्नेहाताई, आधी केसपेपर बघा. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक देणं वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या आचार-नियमांनुसार बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर टाका. दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, तेही झालंय का बघा.

वैशाली (ऑर्थो वॉर्डात नर्स आहे): एमएस किंवा डीएनबी ऑर्थो (हाडांच्या शस्त्रक्रियेतली पदव्युत्तर पदवी) आहे का बघ. नुसत्या ‘फेलोशिप’वर (पदवीनंतरचं जादा प्रशिक्षण) जाऊ नकोस, काही तर थोड्या आठवड्यांच्याच असतात. वर्षाला किती गुडघे बदलता, हे सरळ तोंडावर विचार. चांगला सर्जन चिडत नाही गं.

स्नेहा, सातारा: नंबर सापडला, शिक्क्यात बारीक अक्षरात आहे! आता वेबसाइटवर टाकून बघते.