प्रत्येक डॉक्टर म्हणतो टेन्शन घेऊ नका, मग नेमकं जायचं कुणाकडे?

सांजवेळ_सांगली
पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४४, पतसंस्थेत नोकरी. शुगर सात वर्षांपासून, मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, त्यानंतर कशातच मन लागेना, रडू यायचं, झोप पहाटे तीनला उघडायची ती उघडीच, शेवटी मिस्टरांनी सायकिॲट्रिस्टकडे नेलं, गोळ्या चालू झाल्या आणि खरं सांगायचं तर फरक पडला होता.

पण गेले चार-पाच महिने तळपायाला मुंग्या, जिना चढला की धाप, अंगात जीवच नाही. फॅमिली डॉक्टरांकडे गेले, फाईल चाळता चाळता त्यांना डिप्रेशनची चिठ्ठी दिसली आणि त्यांनी पेनच खाली ठेवलं. हे सगळं मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका. शुगरवाल्या डॉक्टरांचंही तेच, शुगर बरी आहे म्हणाले, तीन मिनिटांत बाहेर. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या जिन्यावर डाव्या पायातली चप्पल निसटली ती मला कळलीच नाही, दोन पायऱ्या उतरल्यावर मागून शिपाईमामा ओरडले, "मॅडम, चप्पल!" हे पण मनाचंच का?

चिडून दहा दिवसांपूर्वी डिप्रेशनच्या गोळ्याच बंद केल्या, म्हटलं त्या नसल्या तर निदान ऐकून तरी घेतील. आता मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. रात्री वाटतं कशाला एवढा खटाटोप, आपल्यामुळे सगळ्यांनाच त्रास.

पहाटपक्षी
पाचला उठा, चालायला जा, प्राणायाम करा, मोबाईल कमी करा. आमच्या आयांना कुठे होतं हो डिप्रेशन?

मेडिकलवाला_मिरज
पहाटपक्षी, ज्या बाईला पायातली चप्पल गेलेली कळत नाही तिला चालायला जा सांगताय?

ताई, मी डॉक्टर नाही, एकोणीस वर्षं काउंटरमागे उभा आहे तेवढ्यावर बोलतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली की काही लोकांचं बी-१२ कमी होतं, आतड्यातून ते नीट शोषलंच जात नाही, त्यात शाकाहारी असाल तर आणखी. बी-१२ घटलं की मुंग्या, थकवा, धाप आणि वर उदासपणाही, म्हणजे शरीराचं आणि मनाचं असं वेगळं काढताच येत नाही. मुंग्या शुगरनेही येतात, म्हणून तपासणी लागते. बी-१२, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून मागा. आणि एक, रक्त द्यायच्या आधी आमच्यासारख्याकडून मनाने बी-१२च्या गोळ्या घेऊ नका, मग आकडा वर दिसतो आणि डॉक्टर म्हणतात नॉर्मल आहे. (आमचाच धंदा बुडवतोय, पण असो.)

तो करंट गोळी अचानक तोडल्याचा असू शकतो. पुन्हा कितीपासून सुरू करायची हे मनाने ठरवू नका, ज्यांनी दिली त्यांना आजच फोन करा.

केसपेपर
मी शेवटच्या ओळीशी अडकले. ताई, सरळ विचारते, मरावंसं वाटतंय का? विचारल्याने काही वाईट होत नाही, सिव्हिलला नोकरी केली आहे, रोज विचारायचो. तसं असेल तर आज रात्री मिस्टरांना झोपेतून उठवून सांगा, एकट्या राहू नका. १४४१६ लावा, टेलीमानस, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पैशाचं अडत असेल तर तेही सांगते, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडीही असते. लाईन लांब असते, डबा घेऊन जा.

निवांत_७२
माझं तुमच्या उलट झालेलं. टीएसएच खूप वाढलेलं निघालं, सगळे म्हणाले तुमची उदासी थायरॉइडची, गोळी घ्या, जाईल. सहा महिन्यांत टीएसएच जागेवर आलं आणि मी मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत अंघोळीशिवाय भिंतीकडे तोंड करून पडलेला. दोन्ही आजार खरे होते, एकाने दुसऱ्याला झाकलं एवढंच.

मला काय उपयोगी पडलं सांगतो. फाईल पिशवीत ठेवायची, आधी एकच कागद पुढे करायचा. मुंग्या कधीपासून, कुठपर्यंत, चप्पलेचा किस्सा तारखेसह, आणि चालू गोळ्यांची नावं, त्यात डिप्रेशनचीही, लपवायची नाही. मनाचं आहे म्हणाले तर शांतपणे विचारायचं, "हे मनाचंच आहे हे कशावरून ठरवलंत? पाय तपासून बघता का?" सोबत कुणीतरी न्या, कारण डिप्रेशनमध्ये आपण दारातच हार मानतो, मी तर एकदा नंबर येण्याआधीच घरी परतलोय. एमडी मेडिसिन फिजिशियन एकच पक्का धरा.

सांजवेळ_सांगली
केसपेपर ताई, खरं सांगते, एकदोनदा आलं होतं मनात. तुमचं वाचून मिस्टरांना उठवलं, ते काहीच बोलले नाहीत, चहा टाकला रात्री दोनला. सकाळी त्यांनीच सायकिॲट्रिस्टना फोन लावला, दुपारी बोलावलं, गोळ्या परत सुरू झाल्या, थोडं रागावले पण ऐकून घेतलं.

सांजवेळ_सांगली (बारा दिवसांनी)
नवीन फिजिशियनकडे कागद घेऊन गेले. त्यांनी लोखंडी काटा ठोकून अंगठ्याच्या हाडाला लावला, विचारलं थरथर जाणवते का, मी म्हटलं चालू केलाय का तुम्ही? मिस्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. मनगटाला लावला तेव्हा कळलं थरथर म्हणजे काय. बी-१२ १४२ आलंय, म्हणजे कमी. म्हणाले शुगरचाही हात असेल, पण हे आधी भरून काढू, पायाला जखम होतेय का रोज रात्री बघायचं. एक दिवसाआड इंजेक्शन. मुंग्या आहेत तशाच आहेत, वेळ लागेल म्हणाले. करंट मात्र गेला.

इंजेक्शनची जागा फार ठणकते हो, काय करू?

मेडिकलवाला_मिरज
चोळू नका. आणि बाजू बदलून घ्या, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, नर्सबाई विसरतात, तुम्हीच आठवण करा.