इंग्रजीतला 'सेट' नक्की म्हणजे काय?

प्रश्न: सध्या इंग्रजी वाचायची सवय लावतोय आणि या 'सेट'ने पार डोकं उठवलंय. अलार्म सेट करणं कळतं, पुस्तकांचा सेट कळतो, पण मग सूर्यही सेट होतो, सिमेंटही सेट होतं, परवा तर डॉक्टरने हाड सेट केलं असं वाचलं. सगळं पाठच करायचं का, की यामागे काही सूत्र आहे?

शब्दवेडी: पाठ करायच्या नादाला लागूच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची १९८९ची आवृत्ती आहे ना, त्यात सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, क्रियापदाचेच ४३० अर्थ! पण सूत्र आहे आणि ते आपल्याला इंग्रजांपेक्षा पटकन कळेल असं मला मनापासून वाटतं. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे मुळात बसवणे, एकाच धातूची दोन रूपं. आता बघा, हाड बसवलं, अंगठीत खडा बसवला, सगळी घडी नीट बसली की 'ऑल सेट', एखाद्याच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं की तो त्याबाबतीत सेट. सिमेंट घट्ट बसतं आणि सूर्य खाली बसतो, आपण मावळतो म्हणतो एवढंच.

जुना वाचक: छान सांगितलंत, फक्त पुस्तकांचा सेट यात घेऊ नका. संच या अर्थाचा सेट हा वेगळाच शब्द आहे, जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे एका मताच्या लोकांचा गट. पंथाला सेक्ट म्हणतात तो त्याचाच भाऊ. दोन्हींचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळत गेले.

मीरा: आता 'रन' पुढे गेलाय बरं का, ऑक्सफर्डवाल्यांनी तो नव्याने तपासला तेव्हा क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. आणि आपलं 'लागणे' घ्या, भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, झोप लागते, नोकरी लागते आणि घाटात गाडीही लागते. हे आपण कधी पाठ केलं का?

प्रश्नकर्ता: बसवणेची किल्ली लावून काल वाचलेली चार पानं परत काढली, बरंच उलगडलं. पण 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे, ते यात कसं बसवायचं?

शब्दवेडी: ते नाही बसत सरळ. मागे आउट, ऑफ, अप असं काही लागलं की ती जोडी एकच शब्द समजून वाक्यासकट लिहून ठेवा, मी तसंच करते.